पावन्याची वाट

मंडईचा म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा दिवस, मुलगी पाहायला येणारी मंडळी आणि वाघ यांची एकाच दुपारी गाठ पडेल, असं प्रफुलने झुडपं काढायचं मशीन सांगून ठेवलं तेव्हा त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं होतं की मंडईच्या दुसऱ्या दिवशी मंगरूचं जेसीबी मोकळं आहे. बोडीच्या तळ्यापासून नाल्यापर्यंत झुडपांचा जो पट्टा उरला होता, तो त्या दिवशी सपाट करायचा आणि तिथे धानाची नवी बांधी, म्हणजे खाचर, पाडायची. एक बांधी वाढली की घर एका बांधीने मोठं होतं, हा त्याचा हिशेब होता आणि त्याच्या सगळ्या हिशेबांसारखा तो तोंडी अगदी बरोबर येत होता.

मनकर्णाबाईंनी मशीन सांगितल्या दिवसापासून मुलाशी अबोला धरला होता. म्हणजे बोलत होत्या, पण सुनेच्या मार्फत.

"रंजीता, त्याले विचार, भाजीले वांगे पुरतात का मंडईतून आणाचे?"

"माय, मी इथीच तं उभा हावो," प्रफुल चुलीपासून दोन हातांवरून म्हणाला.

"त्याले सांग, मले दिसते."

रंजीता सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, लाटत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि दोघांनाही काही सांगितलं नाही. या भांडणात ती नवऱ्याच्या बाजूची होती आणि ते सासूला ठाऊक होतं. एरवी दोघी एका ताटात जेवणाऱ्या, पण या पट्ट्यापायी आठवडाभर मीठ मागतानासुद्धा मान फिरवत होत्या.

रंजीताचं म्हणणं साधं होतं. मागच्या आठवड्यात खालच्या बांधीत कापणी करताना तिने धानाची मूठ धरली, विळा घातला आणि समोरच्या धानात तिला पिवळं-काळं काहीतरी हललेलं दिसलं. कापलेलं धान आणि विळा तिथेच टाकून ती जी पळाली, ती थेट अंगणात येऊन थांबली. पलीकडच्या गावात मागच्या साली एक बाई कापणीनंतर पडलेला सरवा वेचताना वाघाच्या तोंडी गेली होती. रंजीता तिच्या तेरवीला जाऊन आली होती, तिच्या पोरांच्या पानात तिने वाढलं होतं. ती पळून आली तेव्हापासून खालची बांधी उभीच होती. धान पिकून वाकलं होतं, दाणा झडायला लागला होता आणि एकही बाई तिथे उतरायला तयार नव्हती. झुडपं काढली की जनावर जाईल, जनावर गेलं की मी उतरेन, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. प्रफुलला तेवढंच हवं होतं.

या घरात वाघाचं नाव घेत नाहीत. मनकर्णाबाईंच्या आजेसासऱ्यांनी रान तोडून इथे पहिल्या बांध्या पाडल्या, तेव्हाच ते म्हणाले होते म्हणे की आपण त्याच्या घरात शिरलो, खरे पावने आपणच. पण तसं बोललं तर पोरंबाळं भितील, म्हणून त्यालाच पावना म्हणा आणि पावन्याला येण्याजाण्याची वाट ठेवा. नाल्याकाठचा तो पट्टा म्हणजे ती वाट. तेव्हा ती एवढी रुंद होती की समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या एकमेकींना न घासता निघून गेल्या असत्या. पुढे सासऱ्यांच्या हाती नांगर आला, मग नवऱ्याच्या, मग प्रफुलचा ट्रॅक्टर आला. प्रत्येकाने दर उन्हाळ्यात त्या बाजूचा धुरा, म्हणजे बांध, जरासा कोरला. शेजाऱ्याचा धुरा कोरला तर भांडण होतं, तलाठी येतो, चार माणसं बसतात. पावन्याचा धुरा कोरला तर तो बिचारा कोणाकडे जाणार? आता त्या वाटेवरून एक बैलगाडीही अंग चोरूनच गेली असती.

वारलूकाका ओसरीवर बसून हे सगळं ऐकत सुपारी कातरत होते. मनकर्णाबाईंचे हे धाकटे दीर. पट्टा कागदोपत्री त्यांच्या हिश्शातला, म्हणून त्यांचा होकार लागत होता आणि तो त्यांनी देऊन टाकला होता.

"वयनी," ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "जमीन पडीक पाहून माह्या जिवाले बरं नाई वाटत."

"तुमी सोता पंधरा वर्सं झाले पडूनच हा ना भाऊजी, तुमाले कोणी बांधी केलं काय?"

दिव्यानी खो खो हसली. प्रफुलची ही धाकटी बहीण ब्रह्मपुरीला दवाखान्यात नर्स होती आणि आज चिमूरची मंडळी तिला पाहायला येणार होती. मंडईत आलेल्या पाहुण्यांनी मुलगी पाहून जायची ही या भागातली जुनी सोय. एका गाडीभाड्यात दंडारीचा खेळही पाहून होतो आणि सोयरीकही. मंडळी संध्याकाळी सडकेने येणार होती, म्हणून दिव्यानीने अजून साडी बदलली नव्हती. ती भावाच्या जुन्या शर्टात दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब उन्हात वाळवत बसली होती. कारण प्रफुलने घरातल्या आणि शेतातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पावना दिसला की "पावने आले" असं ओरडायचं, घरच्यांनी ताटं वाजवायची आणि बॉम्ब लावायचा. बंदोबस्त चोख होता. आज घरात पावने नावाची दोन प्रकारची मंडळी अपेक्षित आहेत, ही गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही.

*

मुलाचे वडील पत्रूजी चिमूरहून वेळेआधीच पोचले आणि त्यांनी जीप कॅनॉलजवळच सोडली. सडकेवर मंडईची दुकानं थेट मधोमध आली होती, दंडारीचा मांडव आडवा पडला होता, आणि पांढऱ्याशुभ्र नव्या धोतरात गर्दीतून वाट काढायची त्यांची इच्छा नव्हती. जिलेबीवाल्याने सांगितलं की बोडीकडून धुऱ्याधुऱ्याने गेलं की घर मागून लागतं. पत्रूजी पुढे आणि त्यांचा मुलगा निकेश मागे, असे दोघे झुडपांच्या कडेने निघाले.

वरच्या बांधीत बुधरी चार बायांसोबत धान कापत होती. तिने मान वर केली, दोन अनोळखी पुरुष पाहिले, त्यातल्या एकाची टोपी पाहिली आणि ही दिव्यानीला पाहायला आलेली मंडळी, हे तिच्या ध्यानात आलं. ती आनंदाने घराकडे तोंड करून ओरडली,

"पावने आले वोऽ! बोडीकडून आले! दोन हायेत, एक मोठा अन् एक जवान!"

पत्रूजींना घर त्या क्षणीच आवडलं.

"पाह्य निकेश, शेतातूनच वर्दी देतात. मानाची माणसं हायेत."

तेवढ्यात पहिला बॉम्ब फुटला.

"फटाके बी आणले!" म्हणत पत्रूजींनी चालता चालता हात जोडले. घराच्या बाजूने ताटं वाजायला लागली. एक म्हातारा पितळेचा परातीएवढा कोपर लाटण्याने बडवत येत होता, एक जण काठी फिरवत होता आणि पुरुषाच्या शर्टातली एक पोरगी दुसऱ्या बॉम्बची वात पेटवत होती. जोडलेले हात खाली घ्यावेत की नाही, याचा पत्रूजी विचार करत होते. दुसरा बॉम्ब जरा जवळ फुटला आणि तो विचार पुरा होण्याआधीच ते धुऱ्यावरून बोडीच्या काठच्या चिखलात बसले.

"थांबा! थांबा! माणसं हायेत!" मनकर्णाबाई मागून ओरडत आल्या.

आणि मग खालच्या बांधीतलं उभं धान मधोमध फाटलं.

आधी वाघीण निघाली. तिच्या शेपटाशी कुत्र्याएवढं पिल्लू. बॉम्बच्या आवाजाने दचकून ती धानातून उसळली, धुऱ्यावर क्षणभर थांबली. घराकडे माणसं, वरच्या बांधीत बाया, बोडीत पत्रूजी. तिने हे सगळं एकदा पाहिलं आणि वळून त्या अंग चोरून उभ्या असलेल्या झुडपांत शिरली. पिल्लू तिच्यामागे धडपडत गेलं. झुडपांचे शेंडे नाल्याच्या दिशेने हलत गेले आणि मग हलायचे थांबले.

मंडईतल्या दंडारीचा ढोल तेवढा वाजत राहिला.

पहिला आवाज निकेशचा आला. तो बापाला हात देऊन चिखलातून ओढत होता.

"बॉम्ब कोणी लावला?" त्याने विचारलं.

"मी," दिव्यानी म्हणाली. माचिस अजून तिच्या हातात होती.

"निशाणा बरा हाये."

दिव्यानी लाजली. घरातल्या कोणालाही तिने आजवर हे करताना पाहिलेलं नव्हतं.

*

रंजीता आत येऊन सुवाऱ्या तळायला बसली. तिच्या डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलत नव्हती. वाघीण धानातून निघाली. रंजीताने विळा टाकून पळ काढला होता, बरोबर त्याच जागेवरून. आणि वाघीण पळाली कुठे, तर झुडपांत. तिथे झुडपं नसती आणि उद्याची सपाट बांधी आजच पडली असती, तर ती कुठे वळली असती? बुधरीकडे? घराकडे? रंजीता तेलातली सुवारी काढायला विसरली आणि ती काळी झाली.

बाहेर ओसरीवर पंगत बसली. पत्रूजींचं धोतर वाळत घातलं होतं आणि ते प्रफुलच्या पायजम्यात, धानाच्या बियाण्याची जाहिरात छापलेला टी-शर्ट घालून बसले होते. छातीवर "भरघोस उत्पन्न" असं लिहिलं होतं. वारलूकाका त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते, कारण पाहिलं की त्यांना हसू यायचं.

प्रफुल लाजेने अर्धमेला झाला होता. पाहुण्यांसमोर काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्याने विषय काढला.

"उद्या मशीन येऊन राह्यली जी. तो पट्टा काढून टाकतो. एक बांधी वाढते अन् असा तमाशा बी मंग होत नाई."

पत्रूजींनी वांग्याची भाजी पुसून खाल्ली आणि सावकाश म्हणाले, "आमी काढला तसा. चिमूरकडं आमच्या नाल्याले बी होती झुडपी. मी धुरा कोरला, भावानं कोरला, मंग मशीन लावून सफाचट केलं."

"मंग? गेला ना जनावर?"

"कुठी जाते बाप्पा? कपाशीत बसाले लागला. पह्यले तो आपल्या वाटेनं जाये, आमी आपल्या वाटेनं. आता आमची वाट अन् त्याची एकच. सांजच्याले कपाशीले पाणी ओलाले जाचं तं तिघं जण संगं जातो, गाणे म्हनत." त्यांनी टी-शर्टकडे पाहिलं. "मी काई तुमाले शिकवत नाई जी. तुमचे कपडे घालून बसलो हावो."

प्रफुलने काकांकडे पाहिलं. काका हक्काचे होते.

"काका, तुमी तं सांगा. पडीकच हाये ना थो पट्टा?"

दुपारी कोपर बडवत वारलूकाका सगळ्यांच्या पुढे गेले होते. आपण वाघिणीच्या किती जवळ होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"त्या बेहड्याचा मी इचार करून राह्यलो," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"खालच्या बांधीच्या मधात बेहडा हाये ना, त्या. माह्या लहानपणी थो धुऱ्यावर होता. पलीकडून झुडपं सुरू होत. आता थो आपल्या धानात उभा हाये." त्यांनी घास थांबवला. "झाड काई चालत आलं नाई, प्रफुल. धुरा चालत गेला."

निकेश हसला, मग सासुरवाडी होण्याच्या बेतात असलेल्या घरात हसावं की नाही म्हणून थांबला.

"म्हंजे तुमी बी माह्या इरोधात?" प्रफुलचा आवाज चढला. "रंजीता! अवो रंजीता! तूच सांगत होती ना, झुडपं काढा म्हून?"

रंजीता खिरीचं भांडं घेऊन दारात आली. पाहुण्यांसमोर नवऱ्याला उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती, म्हणून तिने भांड्याकडे पाहत बोलायला सुरुवात केली.

"म्हनत होती. तवा मले वाटे का थे झुडपात राह्यते. थे तं आपल्या धानात राह्यते. झुडपात तिच्या पिल्लाले टेकाले जागा तरी ठेवली काय आपण? आज झुडपं होते म्हून थे तिकडं वळली." आता तिने वर पाहिलं. "उद्या मी खालच्या बांधीत उतरतो. बुधरीले बी घेतो. ताटं वाजवू, तिले निंघाले टाइम देऊ, मंग कापू. पन तुमची मशीन झुडपात उतरली, तं मी बांधीत नाई उतरत. अन् मी नाई उतरली तं एक बी बाई उतरत नाई. मंग तुमी अन् मामाजी कापा धान."

"मी?" वारलूकाका दचकले.

प्रफुलने पंगतीवरून नजर फिरवली. दिव्यानी निकेशच्या पानात तिसऱ्यांदा सुवारी वाढत होती, तिच्याकडून काही आशा नव्हती. रागापेक्षा त्याला एकटं वाटलं. तो हावरा नव्हता. त्याला कमी पडण्याची भीती वाटायची. लहानपणी एक साल पेजेवर काढलेलं तो विसरला नव्हता. त्या साली बापाने कोरलेल्या धुऱ्यावरचं मूठभर धान आईने हरखून सुपात घेतलं होतं, हेही नाही. बांधी वाढली की भीती कमी होईल, असं त्याला दर उन्हाळ्यात वाटायचं. दर उन्हाळ्यात बांधी थोडी वाढली होती, आणि यंदा भरल्या बांधीत त्याची बायकोच पाय ठेवत नव्हती.

मनकर्णाबाई चुलीजवळून मुलाचं तोंड पाहत होत्या. ते मूठभर धान त्यांनाही आठवत होतं. धुरा कोरणाऱ्या नवऱ्याला त्यांनी एकदाही अडवलं नव्हतं, उलट हरखल्या होत्या, आणि आता सगळा राग पोरावर काढत होत्या. त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. त्या उठल्या, ओसरीवर आल्या आणि सुनेला ओलांडून थेट बोलल्या.

"प्रफुल, जेव बाबू. भाजी थंडी होते."

इतक्या दिवसांनी आईने नाव घेतलं. प्रफुलने खाली मान घालून घास घेतला.

"मंगरूले फोन करतो," तो पाण्याचा घोट घेऊन म्हणाला. "धान निंघाल्यावर ये म्हनतो. धुरा सरकवाचा हाये."

"कोणीकडं?" काकांनी विचारलं.

"बेहड्याकडं."

पत्रूजींनी आंचवून टी-शर्टालाच हात पुसले. "पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. कोणी त्यांना अजून विचारलंही नव्हतं.

"अजून तिच्या हातचा चहा कुठी पेलो आपण?" निकेश म्हणाला.

"बॉम्ब खाल्ला ना? मंग?"

दिव्यानी आत पळाली. उजेड आहे तोवर मंडळी निघाली, या वेळी सडकेने. दारापर्यंत पोचवायला सगळं घर गेलं. पाहुण्याला जा म्हणायची रीत नाही, म्हणून मनकर्णाबाईंनी पदर सावरून म्हटलं, "या बरं."

*

सकाळी खालच्या बांधीच्या धुऱ्यावर रंजीता, बुधरी आणि बाया ताटं घेऊन उभ्या राहिल्या. दव अजून वाळलं नव्हतं. प्रफुल बांधीच्या कडेला, बेहड्याच्या रेषेत, दोरी आणि खुंट्या घेऊन नव्या धुऱ्याची आखणी करत होता. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. वारलूकाका त्याच्या मागे उभे होते.

"अजून एक हात," काका म्हणाले.

"इथीच होता काका."

"अजून एक हात, लेका. बेहड्याच्या अल्याड, घराकडं. मी पाह्यला हाये."

प्रफुलने खुंटी उपटली आणि झाडाच्या रेषेच्या घराकडच्या बाजूला ठोकली.

मनकर्णाबाई आज शेतावर आल्या होत्या. त्यांनी काही न बोलता सुनेच्या शेजारी उभं राहून आपलं ताट वाजवायला सुरुवात केली. मग बुधरीने, मग सगळ्यांनी. रंजीता जागची हटली नाही. बऱ्याच वेळाने लांबच्या कोपऱ्यातलं धान हललं. हलण्याची एक रेघ सावकाश, जराही घाई न करता, झुडपांच्या बाजूने गेली आणि तिच्यामागून दुसरी, आखूड, वाकडीतिकडी. दिसलं काहीच नाही. झुडपात एक मोर ओरडून उडाला आणि सगळं शांत झालं.

रंजीताने ताट खाली ठेवलं, पदर खोचला, विळा उचलला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं,

"या बरं!"

बायांचे हात थांबले. बुधरीने डोळे मोठे केले. "अवो माय! त्याले कायले बोलावतं?"

रंजीताने जीभ चावली. मग तिला आपलं आपल्यालाच हसू आलं, आणि सासूही हसते आहे हे पाहून ते थांबेना. आठवड्याभरानंतर दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. रंजीताने झुडपांकडे तोंड केलं आणि मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं सांगितलं,

"या, पन तुमच्या वाटेनं या. तिथचा धुरा आमी सोडला हाये."

आणि ती धानात उतरली.